हॅव, हॅज, हॅड : इंग्रजीतील परफेक्ट काळ मराठी माणसाला का चकवतात

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील बारा काळांचा तक्ता बहुधा तोंडपाठ असतो. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप आले की प्रेझेंट परफेक्ट, ‘हॅड’ आणि तिसरे रूप आले की पास्ट परफेक्ट, ‘विल हॅव’ आणि तिसरे रूप आले की फ्युचर परफेक्ट, ही सूत्रे तो झोपेतही सांगू शकतो आणि परीक्षेतील रिकाम्या जागाही बिनचूक भरतो. तरीही नोकरीचा अर्ज लिहिताना, कार्यालयातील ईमेल पाठवताना किंवा मुलाखतीत स्वतःविषयी बोलताना त्याच्या वाक्यांत नेमके हेच काळ घसरतात. ही घसरण रूपाची नसते. ‘हॅव गॉन’ हे रूप बरोबरच असते, फक्त त्या जागी ‘वेंट’ हवे असते. मराठीतही ‘पूर्ण’ म्हणवणारे तीन काळ आहेत आणि त्यांची रचना इंग्रजीशी हुबेहूब जुळणारी दिसते, म्हणून दोन्हींचे काम एकच असणार असे आपण न विचारता धरून चालतो. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

पहिली दिशाभूल नावामुळे होते. परफेक्ट हा शब्द येथे ‘निर्दोष’ या अर्थाने आलेला नाही. लॅटिन व्याकरणातून इंग्रजीत आलेल्या या संज्ञेचा मूळ अर्थ ‘पूर्ण केलेले’ असा आहे, आणि आपल्या व्याकरणांतही पूर्ण वर्तमानकाळ, पूर्ण भूतकाळ, पूर्ण भविष्यकाळ अशीच नावे रूढ झाली. त्यामुळे क्रिया पूर्ण झाली असेल तर परफेक्ट वापरायचा, असा सोयीचा नियम मनात बसतो. आता ही दोन वाक्ये पाहावीत : ‘शी लिव्ह्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स’ आणि ‘शी हॅज लिव्ह्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स’. पहिल्या वाक्यातील बाईंचे नाशिकचे वास्तव्य संपले आहे, आणि तिथे साधा भूतकाळ आहे. दुसऱ्या वाक्यातील बाई आजही नाशिकमध्येच राहत आहेत, आणि तिथे परफेक्ट आहे. म्हणजे ज्या वाक्यातील क्रिया खरोखर पूर्ण झाली त्यात ‘पूर्ण’ काळ नाही, आणि जिथे ती अजून चालूच आहे तिथे तो आहे. पूर्णतेचा नियम पहिल्याच परीक्षेत नापास होतो.

मग परफेक्टचे खरे काम कोणते? याचे सर्वांत सुटसुटीत उत्तर भाषाशिक्षकाकडून नव्हे, तर तर्कशास्त्राच्या अभ्यासकाकडून आले. हान्स रायशेनबाख या जर्मनीत जन्मलेल्या तत्त्वज्ञाने १९४७ साली असे मांडले की क्रियापदाच्या काळाचा विचार करताना दोन क्षण पुरत नाहीत, तीन लागतात. एक, आपण बोलतो तो क्षण. दुसरा, घटना घडते तो क्षण. आणि तिसरा, ज्या जागी उभे राहून आपण त्या घटनेकडे पाहतो तो क्षण. साध्या भूतकाळात आपण मनाने घटनेच्या जागीच जाऊन उभे राहतो. परफेक्टमध्ये आपण घटनेच्या पुढे कुठेतरी उभे राहून मागे वळून पाहतो. परफेक्टचे तीनही प्रकार एवढ्या एका गोष्टीवर उभे आहेत. फरक पडतो तो केवळ उभे राहण्याच्या जागेत.

दादर स्थानकावरील एक गाडी घेऊन हे तपासता येईल. ‘द ट्रेन लेफ्ट ॲट एट’ असे म्हणताना बोलणारा आठ वाजताच्या फलाटावर मनाने उभा आहे आणि गाडी सुटताना पाहत आहे. ‘द ट्रेन हॅज लेफ्ट’ असे म्हणताना तो आत्ताच्या रिकाम्या फलाटावर उभा आहे. गाडी सुटण्याचा क्षण त्याच्या लेखी गौण आहे, आता गाडी मिळणार नाही ही आजची अवस्था मुख्य आहे. ‘व्हेन आय रीच्ड दादर, द ट्रेन हॅड लेफ्ट’ यात उभे राहण्याची जागा आपण दादरला पोहोचलो तो भूतकाळातील क्षण आहे, आणि गाडी त्याच्याही मागे आहे. ‘बाय द टाइम यू रीच दादर, द ट्रेन विल हॅव लेफ्ट’ यात ती जागा पुढे, भविष्यात आहे, आणि तिथून मागे पाहिले तर गाडी सुटलेली दिसणार आहे. गाडी एकच आणि तिचे सुटणेही एकच. पाहणाऱ्याने जागा बदलली की क्रियापदाचे रूप बदलते.

या तिघांपैकी मराठी माणसाला सर्वाधिक फसवतो तो प्रेझेंट परफेक्ट, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबावे लागेल. ‘मी त्याला काल सांगितले आहे’ हे मराठी वाक्य अगदी स्वाभाविक आहे. ‘आहे’ या शब्दाने सांगणे झाले आहे, आता पुन्हा सांगायला नको, हा आजचा भाव येतो, आणि ‘काल’ या शब्दाने ते केव्हा झाले हेही कळते. मराठीला या दोन गोष्टी एकत्र नांदवण्यात कसलीच अडचण वाटत नाही. इंग्रजीला मात्र वाटते. ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे’ हे वाक्य इंग्रजीत चूक ठरते, कारण ‘हॅव’ म्हणते की बोलणारा आजमध्ये उभा आहे आणि ‘यस्टरडे’ म्हणते की तो कालमध्ये उभा आहे, आणि इंग्रजी व्याकरण एका वाक्यात एकाच जागी उभे राहण्याची सक्ती करते. कालचा उल्लेख करायचा असेल तर ‘आय टोल्ड हिम यस्टरडे’. आजचा परिणाम सांगायचा असेल तर नुसते ‘आय हॅव टोल्ड हिम’. ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘टू डेज अगो’, ‘इन २०१९’ अशा, संपलेल्या वेळेकडे बोट दाखवणाऱ्या शब्दांशी प्रेझेंट परफेक्टचे जमत नाही, हा नियम पाठ्यपुस्तकात असतो. तो का आहे हे कळले की पाठ करावा लागत नाही.

प्रश्नार्थक ‘व्हेन’चेही तसेच. आपल्याकडे ‘कधी’ हा एकच शब्द दोन कामे करतो. ‘तू गोव्याला कधी गेलास?’ या प्रश्नाला तारीख, महिना किंवा वर्ष असे उत्तर अपेक्षित आहे, म्हणून इंग्रजीत ‘व्हेन डिड यू गो टू गोवा?’ असे साध्या भूतकाळात विचारतात. ‘तू कधी गोव्याला गेला आहेस का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर पुरते; विचारणाऱ्याला केव्हा याच्याशी कर्तव्य नाही, आजवरच्या आयुष्यात तो अनुभव गाठीशी आहे की नाही एवढेच जाणून घ्यायचे आहे. त्यासाठी इंग्रजीत ‘हॅव यू एव्हर बीन टू गोवा?’ असे म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाला ‘येस, आय हॅव’ असे उत्तर मिळाले आणि पुढे ‘व्हेन?’ अशी चौकशी झाली, की संभाषण लगेच साध्या भूतकाळात उतरते : ‘आय वेंट देअर इन डिसेंबर’. परफेक्टने दार उघडायचे आणि तपशील आला की साध्या भूतकाळाने पुढची सूत्रे हाती घ्यायची, ही इंग्रजीची नेहमीची रीत आहे. इंग्रजी बातमीचे पहिले वाक्य पुष्कळदा ‘द गव्हर्न्मेंट हॅज अनाउन्स्ड’ असे असते आणि कोण, कुठे, केव्हा हे सांगणारी पुढची सगळी वाक्ये साध्या भूतकाळात असतात, ती याच रीतीने.

याच प्रश्नातील ‘बीन’ हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. ‘ही हॅज गॉन टू डेल्ही’ म्हणजे तो दिल्लीला गेला आहे. तो इथे नाही, तिथे आहे किंवा वाटेत आहे. ‘ही हॅज बीन टू डेल्ही’ म्हणजे तो दिल्लीला जाऊन आला आहे. तो परत आलेला आहे आणि दिल्ली पाहिल्याचा अनुभव त्याच्या जमेला आहे. मराठीत हा भेद ‘गेला आहे’ आणि ‘जाऊन आला आहे’ असा स्वच्छ करता येतो, तरी अनुभवाविषयी बोलताना आपण नुसते ‘गेलो आहे’ हेच वापरतो आणि ऐकणारा संदर्भाने समजून घेतो. त्याचे सरळ भाषांतर करून समोर बसलेला माणूस ‘आय हॅव गॉन टू डेल्ही थ्री टाइम्स’ म्हणाला, तर इंग्रजी कानाला ते खटकते.

आजमध्ये उभे राहणे याचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो शिकवताना सहसा सांगितला जात नाही. पुण्यात आलेल्या पाहुण्यांना आपण सहज सांगतो, ‘हा वाडा पहिल्या बाजीराव पेशव्यांनी बांधला आहे.’ मराठी वाक्यात काहीच वावगे नाही, कारण शनिवारवाड्याची तटबंदी आणि दिल्ली दरवाजा आजही डोळ्यांसमोर आहे. परंतु ‘बाजीराव हॅज बिल्ट धिस वाडा’ असे इंग्रजीत म्हणता येत नाही. ‘बाजीराव बिल्ट धिस वाडा’ असेच म्हणावे लागते. वाड्याचे काम १७३० साली सुरू झाले आणि १७३२ साली वास्तुशांत झाली ही वर्षे वाक्यात घातली नाहीत तरी नियम बदलत नाही. प्रेझेंट परफेक्टमधील कर्त्याला आजशी काही नाते लागते, आणि दिवंगत व्यक्तीने केलेल्या कामाविषयी सांगताना ते नाते सहसा उरत नाही. वाड्याला मात्र ते आहे. त्यामुळे ‘द वाडा हॅज सीन मेनी रूलर्स’ हे वाक्य चालते, कारण वाडा अजून उभा आहे आणि उद्या आणखी कोणी पाहील. १८२८ च्या आगीविषयी सांगायचे तर पुन्हा ‘अ फायर डिस्ट्रॉइड मोस्ट ऑफ इट इन १८२८’. ‘संतांनी म्हटले आहे’, ‘लोकमान्यांनी लिहिले आहे’ अशी वाक्यरचना आपल्या निबंधांत इतकी मुरलेली आहे की इंग्रजी निबंधातही ‘हॅज सेड’ आपोआप उतरते; तिथे ‘सेड’ किंवा ‘रोट’ लिहावे.

दिवस संपला आहे की चालू आहे, हाही हिशेब याच खात्यात जमा होतो. ‘आय हॅव हॅड थ्री कप्स ऑफ टी टुडे’ असे संध्याकाळी पाच वाजता म्हटले तरी चालते, कारण दिवस अजून शिल्लक आहे आणि चौथा कप संभवतो. ‘धिस मॉर्निंग’ हे शब्द मात्र सकाळी दहा वाजता ‘हॅव’शी जुळतात आणि दुपारी तीन वाजता जुळत नाहीत, कारण तोपर्यंत सकाळ नावाचा कालखंड बंद झालेला असतो. अमेरिकी बोलण्यात हे नियम ब्रिटिश वळणापेक्षा सैल आहेत. ‘हॅव यू ईटन येट?’ याऐवजी ‘डिड यू ईट येट?’ आणि ‘आय हॅव जस्ट कम’ याऐवजी ‘आय जस्ट केम’ तिकडे सर्रास ऐकू येते. ‘आत्ताच आलो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे अमेरिकी रूप जवळचे वाटेल. आपली शालेय पुस्तके ब्रिटिश वळणाची असल्यामुळे परीक्षेत ‘हॅव जस्ट’ लिहिणे सुरक्षित.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो : जवळ असणे, मालकीचे असणे या अर्थाचा ‘हॅव’ भूतकाळाच्या कामाला आलाच कसा? मराठीत ‘हॅव’ला समांतर क्रियापदच नाही. आपण ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ असे म्हणतो, त्यामुळे ‘आय हॅव सीन’मधील ‘हॅव’ आपल्याला निव्वळ सूत्रातील एक ठोकळा वाटतो. जुन्या इंग्रजीत तो ठोकळा नव्हता. ‘माझ्याजवळ पत्र आहे, लिहिलेल्या अवस्थेत’ अशा धाटणीची ती रचना होती. ‘लिहिलेले’ हे पत्राचे विशेषण होते आणि विशेषणाप्रमाणेच ते कर्माच्या लिंगवचनानुसार बदलत असे. जवळ लिहिलेले पत्र आहे म्हणजे बहुतेक वेळा ते आपणच लिहिले असणार, या वाटेने मालकीचा अर्थ पातळ होत गेला, विशेषणाचे प्रत्यय झडले, आणि ‘आय हॅव रिटन द लेटर’ ही आजची रचना स्थिरावली. ‘मी पत्र लिहून ठेवले आहे’ या मराठी वाक्यातील ‘ठेवले आहे’ मनात आणले तर त्या जुन्या ‘हॅव’चा वास येतो. जाणे, येणे अशा अकर्मक क्रियापदांना मालकी लावता येत नसल्याने तिथे पूर्वी ‘हॅव’ऐवजी ‘बी’ वापरत. ‘ही इज कम’ असे म्हणजे आपल्या ‘तो आला आहे’ याच्या अगदी शेजारचे रूप जुन्या इंग्रजीतच नव्हे, पुढेही दीर्घकाळ चालत होते. ईस्टरला म्हटल्या जाणाऱ्या ‘क्राइस्ट इज रिझन’ या घोषात आणि रोजच्या ‘ही इज गॉन’ या बोलण्यात ते अजून टिकून आहे.

मराठीचा इतिहास याच्याशी ताडून पाहिला तर आपला साधा भूतकाळ असा का वागतो तेही कळते. ‘मी चिठ्ठी लिहिली’, ‘मी लेख लिहिला’, ‘मी पत्र लिहिले’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, कारण ‘लिहिली’, ‘लिहिला’, ‘लिहिले’ ही मुळात संस्कृतातील ‘मया पत्रं लिखितम्’ या धाटणीतून आलेली धातुसाधित विशेषणे आहेत. इंग्रजीने ज्या प्रकारच्या रूपातून परफेक्ट घडवला, तसल्याच रूपातून मराठीने साधा भूतकाळ घडवला. म्हणून ‘तू जेवलास का?’ या आपल्या साध्या भूतकाळातही आजचा वास असतो, आणि इंग्रजीत त्याचे ‘डिड यू ईट?’ होण्याऐवजी ‘हॅव यू ईटन?’ व्हावे लागते.

आता कालावधी दाखवणाऱ्या वाक्यांकडे वळू. ‘मी चार वर्षांपासून या कंपनीत काम करतो’ हे मराठी वाक्य साध्या वर्तमानकाळात आहे, आणि त्याचे ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स’ असे भाषांतर भारतभर ऐकू येते. त्यात दोन अडचणी आहेत. पहिली काळाची : इंग्रजीच्या दृष्टीने बोलणारा आजमध्ये उभा राहून मागची चार वर्षे पाहत आहे, म्हणून परफेक्ट हवा, आणि काम चालू आहे म्हणून त्यात ‘बीन’ आणि ‘वर्किंग’ हवे : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर’. दुसरी अडचण ‘पासून’ची आहे. ‘२०२० पासून’ आणि ‘चार वर्षांपासून’ या दोन्ही ठिकाणी मराठीत ‘पासून’ बसतो; इंग्रजीत पहिल्यासाठी ‘सिन्स’ आणि दुसऱ्यासाठी ‘फॉर’. सुरुवातीचा बिंदू सांगितला असेल तर ‘सिन्स’, लांबी सांगितली असेल तर ‘फॉर’. शंका आली तर ‘पासून’ काढून ‘गेली’ हा शब्द घालून पाहावे. ‘गेली चार वर्षे’ जमते, तिथे ‘फॉर’. ‘गेली २०२०’ जमत नाही, तिथे ‘सिन्स’.

परफेक्ट कंटिन्युअसला मराठीत जवळचे रूप नाही असे म्हणतात, ते मला पटत नाही. ‘ही संस्था अनेक वर्षे शिष्यवृत्त्या देत आली आहे’ या वाक्यातील ‘देत आली आहे’ म्हणजे हुबेहूब ‘हॅज बीन गिव्हिंग’ आहे. आपण ते रूप औपचारिक लिखाणातच वापरतो, बोलताना ‘देते’ किंवा ‘देतेय’ एवढ्यावर भागवतो, म्हणून ते चटकन आठवत नाही. मराठी वाक्यात ‘करत आलो आहे’ असे रूप घालून अर्थ बिघडत नसेल, तर इंग्रजीत ‘हॅव बीन डुइंग’ बेलाशक लिहावे. ओळखणे, माहीत असणे, आवडणे अशी मनाची स्थिती दाखवणारी क्रियापदे याला अपवाद आहेत. ‘मी त्यांना दहा वर्षांपासून ओळखतो’ याचे ‘आय हॅव नोन देम फॉर टेन इयर्स’ होते, ‘हॅव बीन नोइंग’ होत नाही.

पास्ट परफेक्टची गोष्ट वेगळी आहे. प्रेझेंट परफेक्ट आपण चुकीच्या जागी घालतो. ‘हॅड’ मात्र जिथे तिथे घालतो. ‘मी गेल्या आठवड्यात कोल्हापूरला गेलो होतो’ याचे ‘आय हॅड गॉन टू कोल्हापूर लास्ट वीक’ असे भाषांतर करताना कोणालाही शंका येत नाही, कारण ‘गेलो होतो’ आणि ‘हॅड गॉन’ समोरासमोर ठेवले की जोडी जमल्यासारखीच वाटते. या वाक्यात मराठीचा ‘होतो’ कोणते काम करतो ते पाहू. नुसते ‘गेलो’ म्हटले तर जाणे एवढेच कळते. ‘गेलो होतो’ म्हटले की जाणे झाले, तिथले वास्तव्यही संपले आणि आता मी परत आलो आहे, हे सगळे एका शब्दात येते. ‘खिडकी उघडली होती’ म्हटले की ती आता बंद असावी असा ऐकणाऱ्याचा समज होतो. म्हणजे आपला ‘होता’ त्या घटनेचा आजशी असलेला धागा तोडतो. इंग्रजीत हे धागा तोडण्याचे काम साधा भूतकाळच करतो, त्याला ‘हॅड’ची मदत लागत नाही. म्हणून ‘आय वेंट टू कोल्हापूर लास्ट वीक’ एवढे पुरे.

‘हॅड’ला भूतकाळात उभे राहण्यासाठी एक जागा लागते, आणि ती जागा वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात मिळाली नाही तर तो अधांतरी राहतो. ‘आय हॅड गॉन टू कोल्हापूर’ एवढेच म्हणून थांबले तर इंग्रजी भाषक पुढच्या वाक्याची वाट पाहतो : गेला होतास, मग कशाच्या आधी? ‘माझ्या घरी पत्र आले तेव्हा मी कोल्हापूरला गेलो होतो’ असे म्हटले की पत्र येण्याचा क्षण ही उभे राहण्याची जागा मिळते आणि ‘हॅड गॉन’ योग्य ठरते. तपासण्याची सोपी युक्ती अशी की मराठी वाक्यात ‘तोपर्यंत’ किंवा ‘त्याआधीच’ हे शब्द घालून पाहावेत. ‘मी पोहोचलो तेव्हा सभा तोपर्यंत संपली होती’ यात ते बसतात, म्हणून ‘द मीटिंग हॅड एंडेड’. ‘मी गेल्या रविवारी त्याआधीच सिनेमा पाहिला होता’ हे वाक्य हास्यास्पद होते, म्हणून तिथे ‘आय सॉ अ फिल्म’. घटना घडल्या त्याच क्रमाने सांगितल्या जात असतील, तरीही ‘हॅड’ची गरज पडत नाही, मी उठलो, चहा घेतला, स्टेशनवर गेलो, हे सगळे साध्या भूतकाळात सांगावे. दुसऱ्याचे बोलणे सांगताना मात्र ‘हॅड’ हमखास लागतो. ‘तो म्हणाला की मी पैसे भरले आहेत’ असे आपण त्याचेच शब्द ठेवून सांगतो; इंग्रजीत ‘ही सेड दॅट ही हॅड पेड’ होते, कारण पैसे भरणे त्याच्या म्हणण्याच्या मागे आहे आणि आपण त्या म्हणण्याच्या क्षणी उभे आहोत. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांतही ‘द मिनिस्टर हॅड सेड ऑन मंडे’ असा अनावश्यक ‘हॅड’ सहज सापडतो, त्यामुळे केवळ पेपर वाचून ही सवय सुटणे कठीण आहे.

हे सगळे एकाच ठिकाणी कसे भेटते ते पाहण्यासाठी अर्जातील चार वाक्ये घेऊ, जी आपल्याकडे थोड्याफार फरकाने असंख्य अर्जांत आढळतील : ‘आय ॲम वर्किंग इन अ को-ऑपरेटिव्ह बँक सिन्स फोर इयर्स. आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१८. आय हॅड डन अ टॅली कोर्स इन २०१९. टिल नाऊ आय हँडल्ड द अकाउंट्स ऑफ थ्री ब्रँचेस.’ पहिल्या वाक्यात नोकरी चालू आहे आणि लांबी सांगितली आहे, म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग’ आणि ‘फॉर फोर इयर्स’. दुसऱ्यात २०१८ या वर्षाने आपल्याला त्या वर्षात नेऊन उभे केले, म्हणून ‘हॅव’ गाळून ‘आय कम्प्लीटेड’. वर्ष द्यायचे नसेल तर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम.’ हेही शुद्धच आहे. तिसऱ्यात ‘हॅड’ला उभे राहायला जागाच नाही, आणि अर्जदाराच्या मनात मराठीतील ‘केला होता’ आहे. तिथे ‘आय डिड’. चौथ्यात चूक उलट दिशेची आहे. आजवरचा हिशेब सांगायचा आहे, बोलणारा आजमध्ये उभा आहे, आणि इथे मात्र ‘हॅव’ नाही. ‘सो फार आय हॅव हँडल्ड’ असे हवे. चार वाक्यांत काळाच्या चार चुका झाल्या, तरी तिसऱ्या रूपाची एकही चूक नाही हे लक्षात घ्यावे. रूपे पाठ करून घेण्यात आपल्या शाळा कमी पडत नाहीत.

फ्युचर परफेक्टने फार छळू नये. ‘मार्चपर्यंत रस्त्याचे काम झालेले असेल’ आणि ‘द रोड वर्क विल हॅव फिनिश्ड बाय मार्च’ ही जोडी सरळ जुळते; ‘पर्यंत’च्या जागी ‘बाय’ ठेवायचे, ‘टिल’ नव्हे, एवढे पथ्य पाळले की झाले. गंमत अशी की मराठीतील ‘असेल’ जसा भविष्याबरोबर अंदाजही सांगतो, तसाच ‘विल हॅव’ही सांगतो. ‘ते आतापर्यंत घरी पोहोचले असतील’ याला ‘दे विल हॅव रीच्ड होम बाय नाऊ’ असे म्हणता येते, आणि खात्री जास्त असेल तर ‘दे मस्ट हॅव रीच्ड’.

‘मस्ट हॅव’, ‘शुड हॅव’, ‘कुड हॅव’ आणि ‘वुड हॅव’ या चौघांत परफेक्टचा उपयोग होऊन गेलेल्या गोष्टीविषयी मत देण्यासाठी होतो. ‘जायला हवे होते’ म्हणजे ‘शुड हॅव गॉन’, ‘जाता आले असते’ म्हणजे ‘कुड हॅव गॉन’, आणि ‘गेलो असतो’ म्हणजे ‘वुड हॅव गॉन’. एकेकटे असताना ते त्रास देत नाहीत, जर-तरच्या वाक्यात देतात. ‘मला कळले असते तर मी आलो असतो’ या वाक्यात मराठी दोन्ही बाजूंना ‘असते’, ‘असतो’ असे एकाच घराण्यातील रूप ठेवते, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ येऊन बसते. प्रमाण इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’ असते : ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’. अटीचा भाग आधी घडायला हवा होता आणि येणे त्याच्यानंतर, त्यामुळे ‘हॅड’ची मागे उभी असलेली जागा इथेही कायम आहे.

बोलताना या सगळ्या रूपांतील ‘हॅव’ आखडून जातो. ‘आय हॅव सीन’चे ‘आयव्ह सीन’, ‘ही हॅज गॉन’चे ‘हीज गॉन’, ‘आय हॅड गॉन’चे ‘आयड गॉन’ होते, आणि सिनेमा किंवा मालिका पाहताना ‘हॅव’ म्हटलाच नाही असे आपल्याला वाटते. ‘आयड’मधील ‘ड’ हा ‘हॅड’चा की ‘वुड’चा, हे पुढच्या शब्दावरून ठरवावे : पुढे तिसरे रूप असेल तर ‘हॅड’, मूळ रूप असेल तर ‘वुड’. ‘कुड हॅव’ तर इतका घासला जातो की इंग्रजी मातृभाषा असलेली पुष्कळ माणसेही तो ‘कुड ऑफ’ आहे असे समजून तसेच लिहितात. ही चूक मराठी विद्यार्थी सहसा करत नाही, कारण त्याने ‘हॅव’ कानाने ऐकण्यापूर्वी फळ्यावर पाहिलेला असतो.